बोर्डाविना दहावी : पालकांसाठी मार्गदर्शिका

सदर मार्गदर्शिका अमेरिकेतील आयोवा राज्यात, त्यातही दीड-दोन हजार वस्तीच्या एखाद्या गावात, ज्यांचे अपत्य येत्या ऑगस्टात दहावीत बसणार आहे अशा मराठी पालकांसाठी आहे. असे पालक वाटतात तेवढे दुर्मीळ नाहीत. पुण्यात मगरपट्ट्याला जॉन डियरमध्ये नोकरी करणारा माणूस एक दिवस वॉटर्लूला पाठवला जातो. १९१८ पासून त्या कंपनीचे ट्रॅक्टर त्या गावी बनत आले आहेत. वॉटर्लूत घर बघता बघता कोणीतरी सांगते की अर्ध्या तासावरच्या खेड्यात तेवढ्याच पैशात याहून मोठे घर मिळते, पुढे अंगण, मागे मका. पालक हुरळतात. मक्याच्या पलीकडे शाळा आहे आणि त्या शाळेत आपल्याला दहावी काढायची आहे, हे सामानाचा ट्रक निघून गेल्यावर ध्यानात येते.

दहावी म्हणजे काय, हे मराठी पालकांना शिकवण्याची गरज नाही. नववीचा शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी व्हेकेशन बॅच. घरातला टीव्ही मुका. "यंदा आमच्याकडे दहावी आहे" एवढे म्हटले की सख्ख्या भाच्याच्या लग्नाला न जाताही नाते टिकते. नऊ विभागीय मंडळे, पंधरा-सोळा लाख मुले, पूर्वपरीक्षा, हॉल तिकीट, भरारी पथक, आणि शेवटी पेढे किंवा पेढ्यांचा अभाव. ही सर्व मानसिक सामग्री पालक तेवीस किलोच्या दोन बॅगांबरोबर विनाशुल्क आयोवात आणतात आणि ती उघडायला इथे जागाच नाही असे त्यांना आढळते.

कारण इथली दहावी हे हायस्कूलच्या चार वर्षांतले दुसरे वर्ष. या वर्षातील विद्यार्थ्यास सोफोमोर म्हणतात. नववीतला फ्रेशमन नवखा, म्हणून सगळे त्याला सांभाळून घेतात. अकरावीतल्या ज्युनियरपुढे एसीटी ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा असते. बारावीतल्या सीनियरकडे कॉलेजचे अर्ज, पार्किंगमधली चांगली जागा आणि जगाविषयीची ठाम मते असतात. सोफोमोरकडे गेल्या वर्षीचे दप्तर असते. त्याच्याविषयी गावात कोणालाही काहीही वाटत नाही. मराठी पालकांना सर्वाधिक त्रास नेमका याचा होतो, आणि पुढील सूचना तो त्रास सुसह्य व्हावा म्हणून दिल्या आहेत.

बोर्डाचा शोध

पहिल्या आठवड्यात पालक शाळेच्या कार्यालयात जाऊन "बोर्ड कोणते?" असे विचारतात. कार्यालयातील बाई मनापासून आनंदित होतात, कारण हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि बोर्डाची बैठक अमुक सोमवारी संध्याकाळी आहे, अवश्य या, असे सांगतात. अवश्य जावे. बोर्ड म्हणजे गावकऱ्यांनी निवडून दिलेली, बिनपगारी काम करणारी पाच-सात माणसे. एक शेतकरी, एक दंतवैद्य, एक विमा विकणारे गृहस्थ. जिमचे गळके छप्पर, नवी बस आणि मैदानावरचे दिवे यांवर ते दीड तास बोलतात. यांच्यापैकी कोणीही आयुष्यात पेपर सेट केलेला नाही. "गणिताचा पेपर यंदा कसा निघेल?" हा प्रश्न सभेत विचारू नये.

त्याऐवजी शाळेचे नाव पाठ करावे. लोकसंख्या घटत गेली तसतशा खेड्यांनी आपल्या शाळा एकत्र केल्या, पण कुठल्याच गावाला आपले नाव सोडवेना. त्यामुळे ग्लॅडब्रुक-राइनबेक अशी जोडनावे आली आणि जोडूनही पुरेना तेव्हा आद्याक्षरे आली. बीमन, कॉनराड, लिस्कम, युनियन आणि व्हिटन या पाच गावांची मिळून शाळा बीसीएलयूडब्ल्यू. अव्होका, हॅनकॉक, शेल्बी, टेनंट, वॉलनट यांची एएचएसटीडब्ल्यू. मैदानावर ही अक्षरे लयीत ओरडायची असतात. वर्षभरात पालकांची तोंडी परीक्षा होते ती एवढीच.

परीक्षा

आता दुखऱ्या जागेकडे वळू. ऑक्टोबरात पीएसएटी नावाची एक परीक्षा असते. काही शाळांत सोफोमोरना ती देता येते. पालकांचे डोळे चमकतात. तथापि या परीक्षेच्या जोरावर मिळणारी राष्ट्रीय शिष्यवृत्ती अकरावीच्या गुणांवर ठरते. दहावीत दिलेली पीएसएटी ही सरावासाठी दिलेली सरावपरीक्षा होय. वसंतात राज्याची एक चाचणी येते. तिचा निकाल शाळेला लागतो, मुलाला नाही. यासाठी क्लास शोधू नये. गावात क्लास नाही. गावात एक बँक, दोन चर्च, धान्याची कोठारे आणि पिझ्झा विकणारा पेट्रोल पंप आहे.

यातली गंमत अशी, की परीक्षांचा हा सगळा आधुनिक कारखाना मुळात आयोवात उभा राहिला. आयोवा विद्यापीठातील प्राध्यापक ई. एफ. लिंडक्विस्ट यांनी गेल्या शतकाच्या तिशीच्या दशकात राज्यभरातल्या शाळांसाठी एकसारख्या चाचण्या बनवायला घेतल्या. उत्तरपत्रिका हाताने तपासून माणसे थकली, तेव्हा प्रकाशाच्या साहाय्याने त्या झपाट्याने तपासणारे यंत्रही त्यांनी पन्नाशीच्या दशकात बनवले. पुढे १९५९ मध्ये एसीटी या परीक्षेची स्थापना आयोवा सिटीत झाली, तिच्यामागेही हेच गृहस्थ. लातुरात आणि नांदेडात हजारो मुलांनी नीटला काळे गोळे भरले, त्या गोळ्यांचे आजोळ वॉटर्लूपासून दीड तासाच्या अंतरावर आहे. ज्या राज्याने ही विद्या काढली, ते आपल्या दहावीच्या मुलांना मात्र संध्याकाळी डुकरांना खाणे घालायला पाठवते. पालकांनी यावर विचार करावा. निष्कर्ष काढलाच पाहिजे असे नाही.

गुणांचे काय, असे विचाराल. गुण आहेत, आणि ते रोज आहेत. चार पैकी अमुक अशी एक सरासरी असते, ती नववीपासून साठत जाते, आणि शाळेच्या पोर्टलवर प्रत्येक प्रश्नमंजूषेचा, प्रत्येक उशिरा दिलेल्या गृहपाठाचा हिशेब पालकांना दिसतो. महाराष्ट्रात वर्षातून एकदा येणारी धडकी इथे हप्त्याने मिळते. पोर्टल दिवसातून एकदाच उघडावे. रात्री अकरानंतर उघडू नये.

विषय

इंग्रजी, भूमिती किंवा दुसरे बीजगणित, जीवशास्त्र, जगाचा इतिहास, स्पॅनिश. यांत विशेष सांगण्याजोगे थोडे. इंग्रजीत शेक्सपिअरचे 'ज्युलियस सीझर' असण्याची शक्यता बरीच. जीवशास्त्रात बेडूक निघू शकतो, शाकाहारी घरांनी आधीच विचारून ठेवावे. जगाच्या इतिहासात मराठ्यांचा उल्लेख शोधत बसू नये. बहुधा मुघलांनंतर पान उलटले की थेट इंग्रज येतात. पुण्यात चौथी झालेल्या अपत्याने हात वर करून यात दुरुस्ती सुचवल्यास त्याला अडवू नये.

खरा पेच पडतो तो शेतकी आणि वेल्डिंगच्या तासांपाशी. ऐच्छिक विषयांच्या यादीत अपत्य वेल्डिंगपुढे खूण करते आणि घरात शांतता पसरते. आपल्याकडे हाताने करायचे काम हे गुण कमी पडलेल्यांसाठी राखीव आहे. आयटीआय हा शब्द मध्यमवर्गीय घरात धमकी म्हणूनच उच्चारला जातो. इथे वर्गात पहिली येणारी मुलगी काळा मुखवटा चढवून ठिणग्या उडवत असते आणि तिच्या आईला त्यात काही वावगे वाटत नाही. सबब, सही करावी. वडील दिवसभर संगणकावर ट्रॅक्टरचे सुटे भाग रेखाटतात, पण लोखंडाचे दोन तुकडे जोडायची वेळ त्यांच्यावर कधी आलेली नाही. मे महिन्यात अपत्य स्वतः जोडलेली शेकोटीची जाळी घरी आणते. वडील तिच्याकडे बराच वेळ बघतात आणि सांधा कच्चा आहे असे म्हणतात. सांधा कच्चा नसतो.

सीपीआरचे, म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याचे शिक्षण, हेही हायस्कूल सुटण्यापूर्वी राज्यात सक्तीचे आहे. सराव घरी आजीवर करू देऊ नये.

उपक्रम

इथे खूप लिहिण्यासारखे आहे, कारण सोफोमोरचे खरे आयुष्य साडेतीन वाजता सुरू होते.

प्रथम गणित समजून घ्यावे. वर्गात चाळीस मुले. शाळेला फुटबॉलचा संघ हवा, बँड हवा, गायकवृंद हवा, नाटक हवे, कुस्ती, बास्केटबॉल, धावपटू, वक्ते हवेत. शहरातील शाळेत निवड होते. खेड्यात भरती होते. फारच लहान शाळा अकराऐवजी आठ जणांचे फुटबॉल खेळतात, तरीही माणसे पुरत नाहीत. म्हणून शुक्रवारी रात्री मध्यंतर झाले की खांद्यावर पॅड बांधलेला, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला एखादा खेळाडू हेल्मेट काढून ट्रॉम्बोन उचलतो आणि बँडच्या रांगेत जाऊन उभा राहतो. वाजवून झाले की पुन्हा खेळायला जातो. "आमच्या मुलाला फक्त अभ्यास" असे या मुलाच्या आईला सांगून बघावे. सांगणे जमत नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबरात होमकमिंगचा आठवडा येतो. जुने विद्यार्थी गावी परततात, म्हणून हा सोहळा. रोज एक वेश ठरलेला असतो. सोमवारी मुले रात्रीच्या पायजम्यात शाळेत जातील. ही शिस्तभंगाची बाब नसून उपस्थितीची अट आहे. मिरवणुकीत अग्निशामक दलाचा बंब, ट्रॅक्टर आणि गवताच्या गाड्यांवर सजवलेले देखावे असतात. त्यांवरून मुले गोळ्या-चॉकलेटे फेकतात. ती रस्त्यावरून उचलून खायची असतात. सोफोमोरचा देखावा नेहमी तिसऱ्या क्रमांकाचा असतो. राजा आणि राणी सीनियरमधून निवडतात, तेव्हा पैठणी इस्त्री करून ठेवण्याची घाई नको. सकाळी उठल्यावर अंगणातल्या झाडाला शेंड्यापासून बुंध्यापर्यंत संडासचा कागद लोंबताना दिसला, तर पोलिसांना फोन करू नये. हा सन्मान आहे. कोणीतरी आपल्या अपत्याला मित्र मानले आहे. कागद पावसापूर्वी काढावा, नंतर निघत नाही.

पालकांनाही कामे नेमून येतात. मैदानाकडेच्या खाद्यपदार्थांच्या खिडकीत उभे राहण्याची पाळी सर्वांवर येते आणि ती टाळता येत नाही. तिथे वॉकिंग टाको विकायचा. चिप्सची पिशवी उभी फाडून तिच्यात खिमा, चीज आणि कोशिंबीर घालून चमच्यासकट द्यायची. शाकाहारी गिऱ्हाइकास खिमा वगळून द्यावे, ते गिऱ्हाईक बहुधा आपलेच अपत्य असते. दुपारच्या जेवणात शाळा कधी चिली म्हणजे राजम्यासारख्या घेवड्याची मांस घातलेली तिखट आमटी, आणि तिच्याशेजारी दालचिनीचा गोड रोल वाढते. इथल्या पिढ्यान् पिढ्या हे एकत्र खात आल्या आहेत, रोल आमटीत बुडवून. कटाच्या आमटीबरोबर पुरणपोळी खाणाऱ्यांनी यावर तोंड वाकडे करण्याचे कारण नाही.

एफएफए. १९२८ साली शेतकऱ्यांच्या मुलांसाठी निघालेली ही संघटना. मुलींना तिने १९६९ मध्ये दार उघडले. निळ्या कॉर्डरॉयचे जॅकेट हा तिचा १९३३ पासूनचा गणवेश, पाठीवर राज्याचे नाव, छातीवर आपले. आडनाव लांब असल्यास शिवणारा घाबरतो. या मुलांना माती ओळखण्याची, जनावर पारखण्याची आणि सभा नियमानुसार चालवण्याची स्पर्धा असते. सूचना मांडणे, अनुमोदन, दुरुस्ती, मतदान, सारे ठराविक वेळेत आणि आवाज न चढवता. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला हा चमू एकदा तरी बोलवावा.

संघटनेत शिरल्यावर प्रत्येकाला शेतीशी निगडित एक प्रकल्प करावा लागतो. आयोवात माणसे सुमारे बत्तीस लाख आणि डुकरे त्यांच्या सातपटीहून अधिक, तेव्हा प्रकल्प कोणता असेल याचा अंदाज करण्यास गणित दोनची गरज नाही. अपत्याने मित्राच्या गोठ्यात एक पिल्लू वाढवण्याची परवानगी मागितल्यास आणि घरी सत्यनारायणाला खंड पडलेला नसल्यास, कोंबडी, ससा, किंवा सरळ अर्धा एकर मधुमका असे पर्याय सुचवावेत. पिल्लूच घेतले, तर त्याला नाव ठेवू देऊ नये. जिल्ह्याच्या जत्रेत त्याचा लिलाव असतो. नाव ठेवलेले असते.

वक्तृत्वात मराठी मुले आपोआप पुढे जातात, कारण त्यांनी लहानपणी गणेशोत्सवात माइक पाहिलेला असतो. याविषयी वेगळे मार्गदर्शन नको.

कुस्तीविषयी मात्र हवे, आणि ते आजोबांसाठी. हिवाळ्यात भारतातून आलेले आजी-आजोबा खिडकीपाशी बसून बर्फ मोजतात. आजोबा कऱ्हाड-कोल्हापूरकडचे असतील, तर त्यांना कानटोपी घालून शाळेच्या जिममध्ये न्यावे. लाल मातीऐवजी मॅट, लंगोटाऐवजी अंगाला चिकटणारा पोशाख. बाकी पट, धोबीपछाड, चीतपट हे सर्व पाहताक्षणी कळते. मुलींच्या कुस्तीला राज्याची अधिकृत मान्यता २०२२ मध्ये मिळाली, आता त्याही त्याच मॅटवर उतरतात. आजोबांच्या शेजारी एखादा वृद्ध शेतकरी बसलेला असतो. तो डॅन गेबलचे नाव काढतो. वॉटर्लूचा हा पैलवान १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण न देता सुवर्णपदक घेऊन आला. इथल्या माणसाला त्याच्याविषयी वाईट बोललेले चालत नाही. आजोबांनी उत्तरादाखल गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे नाव काढावे, हेलसिंकी, १९५२, कांस्य. शेतकऱ्याला मराठी येत नाही, आजोबांचे इंग्रजी हायस्कूलपुरते. तरी दोघे दुसऱ्या दिवशीच्या सामन्यालाही शेजारी बसतात, आणि अपत्याच्या वजनगटाविषयी घरात आजोबांचा शब्द अंतिम होतो. आजीने साजूक तूप वाढताना यापुढे त्यांना विचारावे लागते.

गाडी

आयोवात शिकाऊ परवाना चौदाव्या वर्षी मिळतो. ही छपाईची चूक नाही. सोफोमोर वर्षात बहुतेक मुलांचे रीतसर ड्रायव्हिंगचे शिक्षण चालू असते आणि सोळा पूर्ण होताच ती एकटी निघतात. एकटी म्हणजे मक्यातून जाणाऱ्या खडीच्या रस्त्याने, सायंकाळी, जेव्हा हरणे रस्ता ओलांडतात. महाराष्ट्रात सोळाव्या वर्षी आपण स्कूटीला हात लावू देत नव्हतो हे इथे सांगून उपयोग नाही. शाळा नऊ मैलांवर आहे आणि कुस्तीचा सराव सव्वासहाला संपतो. काही गावांत वर्षातून एक दिवस मुले ट्रॅक्टर चालवत शाळेत येतात. जॉन डियरमधील वडिलांना त्या दिवशी रजा टाकण्याची इच्छा होते. टाकावी.

समोरून येणारा प्रत्येक चालक स्टिअरिंगवरचे एक बोट किंचित उचलतो. तो नमस्कार आहे. आपणही उचलावे. पुण्याच्या सवयीने दुसरे काही समजू नये.

प्रॉम

हा नाच ज्युनियर आणि सीनियर मुलांचा. मोठ्या वर्गातल्या कोणी बोलावले तरच सोफोमोरला प्रवेश. तथापि कित्येक खेड्यांत प्रॉमच्या पंगतीला वाढपी म्हणून सोफोमोर निवडले जातात. पांढरा सदरा, काळी विजार, हातात ट्रे. त्याआधी जिममध्ये जोड्या एकेक करून मंचावरून चालत जातात आणि सारा गाव बाकांवर बसून बघतो. कोणाचा झगा कुठून आणला याची चर्चा दोन आठवडे पुरते. आई-वडिलांनी अपत्य दिसेल अशा कोपऱ्यातली जागा धरावी. ते स्वयंपाकघराच्या दाराशी दिसेल.

उन्हाळा आणि निकाल

मे संपता संपता शाळा सुटते आणि कायद्याने २३ ऑगस्टच्या आत पुन्हा भरत नाही. या मोकळ्या महिन्यांत अकरावीची व्हेकेशन बॅच लावण्याचा विचार येतो. सोडावा. शाळेचा बेसबॉलचा हंगाम आयोवात उन्हाळ्यातच असतो. शिवाय जुलैत संकरित बियाण्याच्या शेतांत मक्याचे तुरे खुडायला मुले लागतात. पहाटे पाचला बस येते. पाने दवाने भिजलेली, दहापर्यंत अंग ओले, दहानंतर ऊन, आणि पानांच्या कडांनी दंडावर ओरखडे. दोन-तीन आठवड्यांचे हे काम गावातल्या निम्म्या माणसांनी लहानपणी केलेले असते आणि कोणी त्याविषयी चांगले बोलत नाही, तरीही आपल्या मुलांना सगळे पाठवतात. अपत्य पहिला पगार आणून टेबलावर ठेवते. त्यातून म्युच्युअल फंड घ्यावा, असे त्याच क्षणी सुचवू नये.

तत्पूर्वी, जूनमध्ये, पुण्याला जाणे होते. तिथे घरोघरी दहावीचे पेढे नुकतेच फिरून झालेले असतात. मावशी, काकू, शेजारचे निवृत्त हेडमास्तर, सर्व जण अपत्याला एकच विचारणार : "मग? किती पडले?" वेल्डिंग, ट्रॉम्बोन, चीतपट, लिलाव आणि वाढपीपणा यांची बेरीज टक्क्यांत होत नाही, हे त्यांना समजावत बसू नये. अपत्याची सरासरी चारपैकी ३.७ असेल, तर तिला पंचवीसने गुणावे. साडेब्याण्णव टक्के. गणिताच्या दृष्टीने हे चूक आहे, सामाजिक दृष्टीने बिनचूक. पेढे चितळ्यांकडून आधीच आणून ठेवावेत, सकाळी लवकर गेल्यास रांग कमी असते. हेडमास्तर चष्मा सावरून विचारतील, "बेस्ट ऑफ फाइव्ह धरून की न धरता?"

धरून, म्हणावे.